खिळा रुतला आणि कळलंच नाही

पत्र

सप्रेम नमस्कार डॉक्टर,

माझ्या मिस्टरांचं वय ५७. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. साखर बारा वर्षांपासून. मेटफॉर्मिन आणि आणखी एक गोळी चालू आहे, पण तोंडावर ताबा नाही. गुळाचा खडा जिभेवर ठेवल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. दोन वर्षं तळपायाची अशी आग व्हायची की रात्री उठून गार फरशीवर पाय टेकून बसायचे. अंगावरची चादर पायाला लागलेली सोसायची नाही. डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या दिल्या होत्या, पण दिवसा झोप येते म्हणून बंद केल्या. मग कुणाच्या तरी ओळखीनं एका माणसाकडून चूर्ण आणलं. चार महिन्यांत आग कमी होत होत थांबली. आता हे अख्ख्या गल्लीला चूर्ण सांगत सुटलेत.

पण परवा संध्याकाळी यार्डातून आले तर फरशीवर रक्ताचे ठसे. कोल्हापुरी चपलेला खालून सोल मारून घेतला होता, त्याचा खिळा वर येऊन टाचेत रुतलेला. ह्यांना पत्ताच नाही! दिवसभर तसेच फिरले. मी हळद भरली. चैत्र यात्रेला दीड महिना उरलाय. जोतिबाला अनवाणी चालत जायचा ह्यांचा नवस आहे, दरवर्षी जातात. पोरगा म्हणतो जाऊ देऊ नको. हे म्हणतात पाय आता बरे झालेत, देवाच्या कामात आडवे येऊ नका. आजार खरंच गेला का? आणि यात्रेचं काय करू? शुगर मलाही दोन वर्षांपूर्वी निघाली, पण माझे पाय चांगले आहेत.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर

ताई,

आधी खिळ्याचा पाय. हे उत्तर छापून तुमच्या हातात पडेपर्यंत चार दिवस सहज उलटलेले असतील. तेवढ्यात जखम डॉक्टरांना दाखवून झाली असेल तर उत्तम. नसेल, तर पुढचं नंतर वाचा, आधी दवाखाना गाठा. हळद धुऊन जखम नीट बघायला हवी, खिळा किती खोल गेला होता ते कळायला हवं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन अलीकडे झालेलं नसेल तर घ्यायला हवं. चपलेतून आत शिरलेला खिळा सोलचे कण आणि रस्त्यावरची घाण घेऊन जातो. टाचेचं हाड तिथून फार लांब नाही, त्यामुळे डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला तर खर्चाकडे बघू नका. हळदीवरून मी कुणाशी वाद घालत नाही, पण खोल जखमेच्या तोंडावर पूड भरली की वरून खपली धरते आणि आत पू होतोय का ते कुणालाच दिसत नाही.

जखम भरेपर्यंत त्या टाचेवर भार नको. हे त्यांच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड जाईल. तुमच्या-माझ्या टाचेत काही रुतलं तर आपण चवड्यावर चालतो, लंगडतो, खुर्ची बघून बसतो, आणि तेवढ्या वेळात जखम भरून येते. त्यांना दुखतच नाही, मग ते लंगडणार कशाला? त्याच टाचेवर दणादणा चालतील आणि रोज थोडी थोडी जखम आत जाईल. पायाच्या बारक्या जखमेचं मोठं दुखणं होतं ते बहुतेक वेळा असंच. तेव्हा यार्डातून रजा काढायला लावा आणि भार कसा टाळायचा, बूट की पट्टी, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पाय लाल झाला, सुजला, गरम लागला, वास यायला लागला, ताप भरला किंवा कुठं काळपट दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी सीपीआरच्या, म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी दवाखान्याच्या, अपघात विभागात न्या.

आता तुमचा प्रश्न. आजार गेलेला नाही, उलट तो पुढं सरकलाय असंच पत्रावरून दिसतं. साखर आटोक्यात आली की काहींची आग खरोखर ओसरते, काहींची आपोआपही कमी होते, हे खरं आहे. पण तसं असतं तर खिळा कळला असता. माझ्या अंदाजानं त्यांच्या पायातल्या आग कळवणाऱ्या नसा आता काहीच कळवेनाशा झाल्यात.

रक्तात वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की मज्जातंतूंना, म्हणजे या नसांना, थेट इजा होते, शिवाय त्या तंतूंना रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब होतात. पहिला फटका सगळ्यात लांब तंतूंना. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारे तंतू जवळपास मीटरभर लांब असतात. पाटाला पाणी कमी सुटलं की शेपटाकडच्या रानातला ऊस आधी वाळतो, तसंच हे. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते, मग घोटा, मग पोटरी. बधिरपणा गुडघ्याजवळ आला की हाताच्या बोटांनाही मुंग्या यायला लागतात. इजा झालेले तंतू गप्प बसत नाहीत. काही लागलेलं नसताना आग, टोचण, झिणझिण्या, विजेचा झटका असले खोटे निरोप पाठवत राहतात आणि रात्री ते जास्त जाणवतात. तुमच्या घरी दोन वर्षं चाललं ते हेच. पुढं तंतूच संपत आले की खोटे निरोप थांबतात आणि खरेही थांबतात. माणूस म्हणतो, बरं वाटतंय.

सगळ्यांनाच आग होते असंही नाही. नसांची इजा असलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना काहीच त्रास जाणवत नाही असं मानलं जातं. त्यांना पहिली खबर मिळते ती जखमेचीच.

खात्री करायची तर आज रात्री घरीच एक परीक्षा घ्या. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी रूढ केलेली ही तपासणी आहे, तिला फक्त बोट लागतं. त्यांना आडवं करून डोळे मिटायला सांगा. अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा दोन्ही पायांच्या मिळून सहा टोकांना तुमच्या तर्जनीनं अगदी हलका स्पर्श करा. सेकंद-दोन सेकंद, दाबायचं नाही, घासायचं नाही. कळलं की त्यांनी उजवा किंवा डावा म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची राखण करणारी संवेदना गेलीय असं धरून चालायचं. ते चिडले तर चिडू देत. दहा वेळा सांगून पटणार नाही ते या दोन मिनिटांत पटेल.

दवाखान्यातली तपासणीही काही मोठी नसते. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर ठेवून कंप कळतो का विचारतात, घोट्यामागं हातोडी मारून बघतात आणि पायाची नाडी लागते का ते चाचपतात. काही ठिकाणी कंप मोजायचं यंत्र असतं, त्यात आकडा २५ व्होल्टच्या वर गेला तर जखमेचा धोका मोठा समजतात. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे सोय नसेल तर सीपीआरच्या मेडिसिन ओपीडीत दाखवा आणि चपला-मोजे काढून पाय बघायला सांगा. बारा वर्षांत किती वेळा कुणी त्यांचा तळवा पाहिला, जरा आठवून बघा. आमच्या धंद्यात रिपोर्ट सगळे बघतात, पाय फार कमी जण बघतात.

त्याच वेळी रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं, आणि बी-१२ च्या कमतरतेनंही पाय बधिर होतात. ही कमतरता भरून काढता येते, म्हणून ती सुटायला नको. पण म्हणून मेटफॉर्मिन स्वतःच्या मनानं थांबवू नका. थायरॉइड, मूत्रपिंड आणि दारू यांचीही विचारपूस डॉक्टर करतील. बधिरपणा एकाच पायात असेल किंवा अंगावर कुठं फिकट, संवेदना नसलेला चट्टा असेल तर तेही सांगा. कुष्ठरोग आपल्याकडून अजून पुरता गेलेला नाही, आणि वेळेत औषध मिळालं तर तो पूर्ण बरा होतो.

चूर्णाबद्दल. आग थांबली तेव्हा ते चालू होतं, याहून जास्त संबंध मला दिसत नाही. माझी काळजी वेगळीच आहे. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, कुणी बनवलं ते नाही, अशा चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि त्यानं साखर चढते. काहींत शिसं आणि आर्सेनिक सापडलंय, ते तर स्वतःच नसा खराब करतात. रीतसर वैद्याकडून नाव-घटक लिहिलेलं औषध घेणं वेगळं आणि ही पुडी वेगळी. मात्र चार महिने पोटात गेलेलं चूर्ण आजच्या आज फेकूनही देऊ नका. त्यात स्टिरॉइड असेल तर एकदम थांबवणंही धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे बंद करा. गल्लीत ज्यांनी ज्यांनी ते सुरू केलंय त्यांनाही हा निरोप द्या.

नसांच्या गोळ्या म्हणजे प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यांपैकी काहीतरी असणार. त्या आग आणि कळ कमी करतात, गेलेली संवेदना परत आणत नाहीत. झोप येते तेव्हा डोस कमी करता येतो, रात्रीचा ठेवता येतो किंवा गोळी बदलता येते. आता आग नाही, त्यामुळे सध्या त्यांची गरज नसावी.

साखरेचं काय? मेलेले तंतू परत उगवतील असं वचन कुणी देत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. पुढची पडझड थोपवणं मात्र हातात आहे. टाइप १ मधुमेहात काटेकोर साखर ठेवली तर नसांचा आजार साधारण ६० टक्क्यांनी कमी होतो, हे १९९३ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानं दाखवलं. टाइप २ मध्ये, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या प्रकारात, एवढा ठळक फायदा दिसत नाही, पण दिसतो. शिवाय जखम भरायची तर साखर उतरायलाच हवी. ती हळूहळू उतरवावी. वर्षानुवर्षं चढलेली साखर एकदम खाली ओढली तर काही जणांची आग काही महिने उलट भडकते. आणि गुळाचा खडा! कोल्हापूरच्या गुळावर मीही कमी जीव टाकत नाही, पण रक्ताच्या दृष्टीनं तो साखरच आहे. दिवाणजींनी गुळाची प्रत वासावरून आणि कणीवरून ठरवावी.

आता चपला, कारण पुढची जखम तिथूनच यायची आहे. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, ती चामड्याच्या वादीनं शिवतात. खिळा आला तो दुरुस्तीतून. पण खिळा नसता तरी त्यांच्या पायांना कोल्हापुरी आता चालणार नाही, हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही. तळ कडक, अंगठ्याला वादी, मागं पट्टा नाही. नवी जोडी आठवडाभर चावते आणि मग पायाची होते, असं आपण कौतुकानं सांगतो. ज्याला चावणं कळत नाही त्याच्या बोटांमध्ये तेवढ्या आठवड्यात फोड येऊन फुटलेलाही असतो. चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि दहा पावलं गेल्यावर दुसरं कुणीतरी सांगतं, असं त्यांचं होतं का? बधिर पायाची ती ठरलेली खूण आहे. मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचं मऊ रबर) सोलची, मागं पट्टा असलेली, बोटांमध्ये काही न येणारी, पुढं ऐसपैस अशी सँडल घ्या. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. पहिले काही दिवस तासभरच घालू द्या आणि काढल्यावर कुठं लाल झालंय का बघा. रोज घालण्याआधी चप्पल उलटी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा. घरात सुद्धा अनवाणी नाही, घरातली जोडी वेगळी.

रात्री जेवणं झाली की पाय बघायचे. तळवा त्यांना दिसत नसेल तर आरसा किंवा तुम्ही. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, नखांच्या कडा. धुऊन कोरडे करून खोबरेल किंवा क्रीम लावा, फक्त बेचक्यांत नको, तिथं ओल राहिली की कुजतं. नखं सरळ कापा. भोवरीला घरात ब्लेड लावायचं नाही, आणि दुकानात मिळणाऱ्या भोवरीच्या पट्ट्याही नकोत, त्यातलं आम्ल बधिर कातडी जाळतं. बंबातलं पाणी अंघोळीला काढलं की पाय बुडवण्याआधी तुम्ही कोपर घालून बघा. मिठाच्या गरम पाण्याचा शेक, शेगडी, गरम पाण्याची पिशवी हे सगळं बंद. गाडीच्या सायलेन्सरपासून जपायला सांगा. आणखी एक गोष्ट ऐकायला किळसवाणी आहे, पण झोपेत बधिर बोटं उंदरानं कुरतडल्याचे प्रकार आपल्याकडच्या डॉक्टरांनी पाहिलेत. गुळाच्या वखारीत दुपारी आडवं व्हायची सवय असेल तर ती सोडायला लावा.

जोतिबाचं उत्तर सरळ आहे. अनवाणी चालत नाही. यंदा नाही आणि पुढंही नाही. सध्या खेट्यांचे, म्हणजे यात्रेआधीच्या जोतिबाच्या वाऱ्यांचे, रविवार चालू आहेत, तेही चालत करत असतील तर तेही थांबवा. जोतिबाचा डोंगर, म्हणजे वाडी रत्नागिरी, कोल्हापुरातून सतरा-अठरा किलोमीटर, चैत्रातलं डांबर, खडी, वरच्या तापलेल्या फरशा. तुमच्या पोराला चटका बसेल तेव्हा तो पाय उचलेल. वडील उचलणार नाहीत, आणि घरी येऊन बघाल तर तळव्याची कातडी सुटलेली. दीड महिन्यात खिळ्याची जखम वरून भरली तरी नवी कातडी एवढ्या चालीला टिकायची नाही.

पण "जायचं नाही" एवढंच म्हणून बसू नका, त्यानं ते हट्टाला पेटतील. चालणं पोराकडे द्या, वडिलांच्या नावानं तो चालेल. यांना यात्रेची गर्दी ओसरल्यावर गाडीनं वर न्या, भल्या पहाटे, फरशी तापायच्या आत. देवळात कापडी मोजे चालतात का ते आधी विचारून ठेवा. नवसाबद्दल मनात खुटखुट राहिली तर तिथल्या गुरवांशी त्यांना स्वतःला बोलू द्या. नवस बदलून घेणारे ते पहिले नसतील. माझ्यापेक्षा गुरवांचा शब्द त्यांना जास्त पटेल, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

डोंगर चढायचाच विषय निघालाय तर ईसीजी काढून घ्या. हाच आजार हृदयाच्या नसांना लागतो तेव्हा हार्ट अटॅकची कळही नीट येत नाही, नुसता घाम, दम किंवा मळमळ. उठून उभं राहताना अंधारी येते का, थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटतं का, लघवी पूर्ण होत नाही असं वाटतं का, तेही विचारा. नवरा-बायकोच्या संबंधात फरक पडला असेल तर तोही बहुधा यातलाच असतो. त्याला उपाय आहेत, पण पुरुष डॉक्टरसमोर सुद्धा तोंड उघडत नाहीत. तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलंत तरी चालेल. मावा-तंबाखू असेल तर पायाचं रक्त आणखी आटतं, तो सोडायचा.

राहिलं तुमचं. पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही स्वतःला उरकून टाकलंत. पाय चांगले आहेत हे तुम्ही कशावरून ठरवलं? दुखत नाही म्हणूनच ना? टाइप २ मधुमेह कळायच्या आधीच काही वर्षं साखर वाढलेली असते, त्यामुळे निदान होतं त्याच वेळी पायांची पहिली तपासणी व्हायला हवी आणि मग दरवर्षी एकदा. तुमची दोन वर्षं तशीच गेली. रात्री त्यांची सहा बोटांची परीक्षा झाली की तुम्ही डोळे मिटा आणि पोराला तुमच्या बोटांना हात लावायला सांगा. ओपीडीत केसपेपरही दोघांचे काढा.